नदीच्या त्या बाजूला

आमच्या उर्दू शाळांची सहल म्हटली की ठिकाणे ठरलेली असतात. खुलदाबाद, दौलताबादचा किल्ला, बीबी का मकबरा, पाणचक्की. मुंबईला जायचे ठरलेच तर हाजी अली आणि राणीची बाग. विद्यार्थिनी म्हणून मी या सगळ्या ठिकाणी जाऊन आले. पुढे बी.एड. करून मालेगावच्या मुलींच्या एका उर्दू शाळेत शिक्षिका झाले, तेव्हा मुलींना घेऊन पुन्हा तिथेच गेले. या ठिकाणांबद्दल माझी काही तक्रार नाही. आपला इतिहास आपल्या मुलांनी पाहिलाच पाहिजे. पण परतीच्या बसमध्ये एक विचार नेहमी मनात यायचा. आपण आपल्या मुलांना फक्त मकबरे आणि किल्लेच का दाखवतो? ज्या जिल्ह्यात आपण राहतो त्या जिल्ह्यातली माती, नदी, झाडे, पाखरे यांच्यावर आपल्या मुलांचा काहीच हक्क नाही काय?

म्हणून २०२४ च्या जानेवारीत मी आठवीच्या मुलींची सहल नांदूर मध्यमेश्वरला नेण्याचे ठरवले. हे ठिकाण आमच्याच नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यात आहे. गोदावरी आणि कादवा या दोन नद्या इथे एकमेकींना भेटतात. त्या संगमापाशी इंग्रजांच्या काळात, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, एक बंधारा बांधला गेला. १९८६ साली या परिसराला अभयारण्याचा दर्जा मिळाला. २०२० च्या जानेवारीत तर आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून त्याचे नाव रामसर यादीत आल्याचे जाहीर झाले. महाराष्ट्रातून त्या यादीत गेलेले हे पहिलेच ठिकाण. मालेगावपासून दोन-अडीच तासांच्या वाटेवर असलेली ही जागा आमच्या स्टाफरूममध्ये एकानेही पाहिलेली नव्हती.

पालकांची सभा बोलावली. सहलीची फी, जेवण, परतायची वेळ हे प्रश्न आलेच. पण एका पालकाने जो प्रश्न विचारला तो सगळ्यांच्याच मनात होता. ते यंत्रमागावर काम करणारे गृहस्थ, रात्रपाळी करून थेट सभेला आलेले. म्हणाले, "आपा, दौलताबाद समझ में आता है. मगर वहाँ कौन लोग रहते हैं?"

या प्रश्नात राग नव्हता, काळजी होती. कोवळ्या वयाच्या बेचाळीस मुली, अनोळखी खेडी, दिवस असे. मी त्यांना एवढेच सांगितले, की तिथे माझ्या माहेरचे पाणी वाहते. ते त्यांना नीट कळले नसावे, पण त्यांनी संमतीपत्रावर सही केली. अकरा पालकांनी मात्र केली नाही. त्या अकरा मुली घरीच राहिल्या.

माहेरचे पाणी म्हणजे काय, ते इथे सांगते. माझे माहेर कोपरगावकडचे. माझे आजोबा, ज्यांना आम्ही दादामियाँ म्हणत असू, गोदावरीच्या उजव्या कालव्यावर पाटकरी होते. नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यातून दोन कालवे निघतात. डावा सुमारे ९० किलोमीटरचा, उजवा सुमारे ११० किलोमीटरचा. वर दारणा धरण आहे, ते १९१६ चे. पुढे १९६५ साली गंगापूर धरण झाले. या धरणांतून सोडलेले पाणी नदीतून वाहत बंधाऱ्यापर्यंत येते आणि तिथून दोन्ही काठांच्या पाटांमध्ये वळते. १८७६-७८ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी दख्खनची जी दैना केली, तिच्यानंतर या मुलखात पाटबंधाऱ्यांच्या कामांना वेग आला. आज निफाड, कोपरगाव, राहाता भागात जी उसाची आणि फळबागांची शेती दिसते, तिच्यामागे हे पाणी आहे.

दादामियाँ फारसे शिकलेले नव्हते. पण कुठल्या चारीवर किती शेते, कुणाचे पाणीअर्ज मंजूर, कुणाची पाणीपट्टी थकलेली, हे त्यांना तोंडपाठ असे. आवर्तन सुटले की ते रात्र-रात्र कंदील घेऊन पाटावर फिरत. शेजपाळीचा नियम असा, की चारीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या शेताला पाणी आधी, मग क्रमाने वरच्यांना. वरचा शेतकरी दांडगा असला तरी त्याने आपली पाळी येईपर्यंत थांबायचे. या नियमावरून पाटावर भांडणे व्हायची, कधी फावडी उगारली जायची. दादामियाँ मध्ये उभे राहत. लोक त्यांना पाटकरी चाचा म्हणत. अर्ध्या रात्री दार वाजवून लोक एकच प्रश्न विचारत, "चाचा, आमची पाळी कधी?" ते मराठीतच बोलत, मराठीतच भांडत आणि नमाजेची वेळ झाली की पाटाच्याच पाण्याने वजू करत. हे सारे मी माझ्या दादीकडून ऐकले. पण ज्या बंधाऱ्यातून ते पाणी यायचे, तो मी कधी पाहिला नव्हता.

फजरनंतर बस निघाली. चांदवड, लासलगाव, निफाड असा रस्ता. लासलगावला कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. निफाडच्या पुढे द्राक्षांचे मांडव आणि ऊस सुरू झाला. चापडगावला वनखात्याच्या फाटकावर स्थानिक वाटाड्या तरुण आमची वाट पाहत होता. गळ्यात दुर्बीण, डोक्यात कानटोपी. मुली त्याला भैया म्हणू लागल्या, तर तो हसून म्हणाला, "इथं दादा म्हणतात." झाले! उर्दूत दादा म्हणजे आजोबा. पंचविशीचा दादा पाहून मुलींची हसता हसता पुरेवाट झाली. कारण समजल्यावर तोही हसला. त्या एका शब्दाने जेवढा संकोच गेला, तेवढा माझ्या दहा सूचनांनी गेला नसता.

थोडे चालल्यावर पाणी दिसले. सकाळच्या धुक्यात लांबवर पसरलेले, उथळ, मधे मधे गवताळ बेटे, कडेला पाणकणसाचे दाट बन. आणि पाण्यावर पाखरेच पाखरे. मुलींना वाटले होते, पिंजरे असतील. एकीने विचारलेही, "आपा, पिंजरे किधर हैं?" पिंजरा नसलेला पक्षी पाहायला तिकीट काढून यायचे असते, हे त्यांना नवीन होते.

वाटाड्या नावे सांगू लागला. हा राखी बगळा, ही जांभळी पाणकोंबडी, तो चमच्या, चोच पाहा कशी चमच्यासारखी. मग काळ्या रंगाच्या, कपाळावर पांढरा ठिपका असलेल्या पाखरांच्या थव्याकडे बोट करून म्हणाला, "आणि हे वारकरी." मुलींनी एकमेकींकडे पाहिले. वारकरी म्हणजे पंढरपूरला जाणारे, एवढे मराठीच्या पुस्तकातून त्यांना माहीत होते. तो म्हणाला, "कपाळावर टिळा आहे ना, आणि चालतात कसे सगळे मिळून! म्हणून वारकरी." एक मुलगी पटकन म्हणाली, "मतलब ये लोग भी सहल पे आए हैं." मी ते मराठीत सांगितल्यावर त्याला फार आवडले.

थोड्या वेळाने त्याने दुर्बीण एका जोडीवर लावली. नारिंगी अंगाची, फिकट डोक्याची दोन मोठी बदके. "ब्राह्मणी बदक," तो म्हणाला. "पुस्तकात चक्रवाक म्हणतात. लडाख, तिबेटकडून येतात." मी दुर्बिणीतून पाहिले आणि माझ्याच अंगावर काटा आला. मी मुलींना म्हणाले, "अरे, ये तो सुर्खाब है!" आमच्या उर्दूत म्हण आहे, कुणी फार तोऱ्यात वागला की विचारतात, तुला काय सुर्खाबाची पिसे लागलीत? मी ही म्हण कित्येक वर्षे वर्गात शिकवली, वाक्यात उपयोग करून घेतला, पेपरात दोन गुणांना विचारली. पण सुर्खाब कसा दिसतो, हे ना मला माहीत होते ना मुलींना. तो आपल्याच जिल्ह्यात दर हिवाळ्यात येऊन राहतो. ब्राह्मणी, चक्रवाक आणि सुर्खाब, पाखरू एकच. मुली रांग लावून दुर्बिणीशी उभ्या राहिल्या आणि प्रत्येकीने सुर्खाबाचे पीस स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

त्यानंतर नावांचा खेळच सुरू झाला. वाटाड्याने मराठी नाव सांगायचे, मी उर्दू. क्रौंच म्हणजे आमचा कुलंग. सगळी पाणबदके उर्दूत मुर्गाबी. एका बाभळीखाली तुऱ्याचा पक्षी माती टोकरत होता. मी म्हणाले, "हुदहुद." तो म्हणाला, "आम्हीपण हुदहुदच म्हणतो!" हजरत सुलेमान यांना सबाच्या राणीची खबर आणून देणारा हा पक्षी मुलींना कुराणाच्या शिकवणीतून ठाऊक होता. त्यांनी ती गोष्ट त्याला सांगितली, मोडक्या मराठीत, एकमेकींची वाक्ये पुरी करत. माझ्या मुलींसाठी मराठी ही आजवर पास होण्यापुरती भाषा होती. तिच्यात कुणाला काही सांगायची गरज त्यांना पहिल्यांदा पडली होती. व्याकरण चुकत होते, पण मी एकदाही अडवले नाही.

फलकावर रामसर शब्द होता. मुलींना वाटले हे कुठल्या देवस्थानाचे नाव असावे. रामसर हे इराणमधले, कॅस्पियन समुद्राकाठचे गाव. तिथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागांच्या रक्षणाचा करार झाला, म्हणून हे नाव. नावावरून कुणाचे काय हे ठरवण्याची घाई आपण सगळेच करतो. वारकरी नावाचे पाखरू आणि रामसर नावाचे इराणी गाव, दोन्हींनी त्या दिवशी मुलींना चांगलेच चकवले.

मनोऱ्यावर चढल्यावर वाटाड्याने सांगितले, की सलीम अलींनी या जागेला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले होते असे इथे सगळे सांगतात. मुलींनी विचारले, सलीम अली कोण? मग तिथेच बसून मी त्यांना ती गोष्ट सांगितली. १८९६ साली मुंबईत जन्मलेला, लहानपणीच आईबाप गेलेला मुलगा. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्याकडे खेतवाडीत वाढला. एअरगनने त्याने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. नेहमीच्या चिमणीसारखी ती नव्हती, तेव्हा मुसलमानाने ती खावी की खाऊ नये, असा त्याला प्रश्न पडला. तो मामाकडे गेला. मामालाही ती ओळखता आली नाही. पण त्यांनी भाच्याला गप्प बसवले नाही. चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड साहेबांकडे पाठवले. मिलार्डनी चिमणी ओळखून दाखवली, भुसा भरलेल्या पाखरांची कपाटे उघडून दाखवली. तिथून त्या मुलाचे आयुष्य बदलले. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक निघाले आणि १९७६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले.

मला या गोष्टीतला मामा फार महत्त्वाचा वाटतो. मुलाचा प्रश्न घरातला होता, दीनदारीचा होता. उत्तर आपल्याजवळ नाही म्हटल्यावर मामाने त्याला जिथे ते मिळेल तिथे पाठवले, मग तो दरवाजा कुणाचाही असो. आपल्या समाजात सलीम अली पुन्हा का झाला नाही, असे आपण भाषणांत विचारतो. माझ्या मते असे मामा आपल्याकडे कमी झाले.

मनोऱ्यावरून उतरता उतरता एका मुलीने पाण्याच्या पलीकडे पाहत विचारले, "आपा, नदी के उस पार कौन रहते हैं?"

मी थबकले. पालकांच्या सभेतला प्रश्न जवळपास याच शब्दांत होता. मालेगावात राहणाऱ्याला या प्रश्नाचा अर्थ सांगावा लागत नाही. आमच्या शहराच्या मधून मोसम नदी वाहते. एका अंगाला यंत्रमागांचा खडखडाट आणि बहुतांशी आपल्या वस्त्या, दुसऱ्या अंगाला कॅम्प आणि बहुतांशी हिंदू वस्त्या. आमची मुले नदी हा शब्द शिकतात तेव्हा त्याबरोबर 'उस पार' हेही शिकतात. नदीला दोन बाजू असणार आणि दोन बाजूंना दोन तऱ्हेचे लोक असणार, हे त्यांना पाण्याच्या रंगाइतके साहजिक वाटते. तिकडच्या मुलांनाही तसेच वाटत असेल.

मी प्रश्न मराठीत सांगितला. वाटाड्याला तो कळलाच नाही. "कोण म्हणजे? आमचीच माणसं. माझी बहीण दिलीय की तिकडच्या गावात." मग म्हणाला, "आणि बंधाऱ्याचं पाणी काय एकाच काठाला जातं? डावा कालवा आहे, उजवा कालवा आहे."

तेव्हा मी मुलींना दादामियाँबद्दल सांगितले. कंदील, शेजपाळी, पाटावरची भांडणे, सगळे. नदीच्या दोन काठांना पाणी वाटायची नोकरी असते आणि ती आपल्यातल्या एका माणसाने आयुष्यभर केली, हे ऐकून ती मुलगी काही वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "उनको डर नहीं लगता था?" मी म्हणाले, लागत असणार. पण पाळी चुकवलेली त्यांना चालत नसे.

इथे सगळे गोडगोड आहे असे मात्र मी मुलींना भासवले नाही. ज्या गाळामुळे ही पाखरे येतात तो गाळ कुणी मुद्दाम आणलेला नाही. बंधाऱ्याने पाणी अडले, संथ झाले, वर्षानुवर्षे माती खाली बसत गेली. पाणी उथळ झाले, बेटे झाली, वनस्पती वाढल्या. सुमारे अडीचशे जातींच्या पक्ष्यांना घर मिळाले. इंजिनिअरांच्या दृष्टीने हा तोटा, कारण पाण्याची जागा गाळाने घेतली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये वरच्या अंगाला सायखेडा, चांदोरीत पुराचे पाणी शिरले. अशा वेळी गाळ काढा, ही मागणी जोर धरते. वाटाड्या म्हणाला, "गाळ काढा म्हणणारेपण आमच्याच गावचे, पाखरं वाचवा म्हणणारेपण आमच्याच गावचे. आमच्या घरातच दोन पार्ट्या आहेत." पुढे पाणी नाथसागरात, मराठवाड्याला किती सोडायचे, याचा वाद आणखी वेगळा. नदीवरून भांडणे असतातच. पण ती पाण्याची, पिकाची, पुराची भांडणे आहेत. ती अर्ज करून, मोजमाप करून, पाळी ठरवून सोडवता येतात. उस पार कोण राहतात, या भीतीला मात्र पाळी लावता येत नाही.

दुपारी बस फिरून दुसऱ्या काठाला गेली. डबे उघडेपर्यंत पाण्याचे कॅन रिकामे झाले. रस्त्याकडेला शेतात एक घर होते. मी दोन मुलींना घेऊन गेले. ओसरीवर साठीच्या बाई मक्याची कणसे सोलत होत्या. "कुठल्या शाळेच्या गं पोरी?" मी म्हणाले, मालेगावच्या.

आमच्या गावाचे नाव सांगितल्यावर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काय उमटते, याची मला सवय आहे. २००६ आणि २००८ च्या बॉम्बस्फोटांनंतर आम्ही प्रवासात गावाचे नाव जरा दबकतच सांगतो. बाईंनी माझ्या ओढणीकडे, मुलींच्या स्कार्फकडे पाहिले आणि म्हणाल्या, "मालेगाव म्हणजे लुगड्यांचं गाव! माझ्या आईचं लुगडं मालेगावचंच असायचं. बाजारातून दुसरं आणलं तर नेसायची नाही." माझ्यासोबतच्या एका मुलीचे अब्बा यंत्रमागावर साड्याच विणतात. तिने ते सांगितले, मराठीत, एकही चूक न करता. बाईंनी हंडा भरून दिला, वर टोपलीभर द्राक्षे दिली. पैसे विचारले तर रागावल्या.

परत आल्यावर मुलींनी वर्गात मोठा तक्ता केला. मराठी, उर्दू आणि इंग्रजी, असे तीन रकाने. वारकरी या नावासमोर उर्दूचा रकाना अजून रिकामा आहे. मग त्यांनीच हट्ट धरला की मोसमच्या पुलावर जाऊन पाखरे मोजू. पाणी कसे असते ते मालेगावकरांना सांगायला नको. तरी त्या घाणीतही त्यांना लांब लाल पायांचे शेकाटे दिसले, गायबगळे दिसले, खंड्या दिसला. आम्ही नाकाला ओढणी लावून तासभर उभ्या होतो. पुलावरून जाणारे दोन्हीकडचे लोक थांबून विचारत होते, की या मुली वाकून काय पाहताहेत.

संमतीपत्रे वाटायचे दिवस पुन्हा आले आहेत. गेल्या वेळी नकार देणाऱ्या अकरा घरांपैकी सहा घरांतून धाकट्या बहिणींसाठी या वेळी होकार आला आहे. पाच घरांचे मन अजून वळलेले नाही, मी त्यांच्याकडे पुन्हा जाणार आहे.

आणखी एक प्रयत्न चालू आहे. मोसमच्या त्या बाजूला मुलींची एक मराठी शाळा आहे. तिथल्या एका शिक्षिकेशी माझी प्रशिक्षण वर्गात ओळख झाली होती. दोन्ही शाळांच्या वीस-वीस मुली एकाच बसने नांदूर मध्यमेश्वरला न्यायच्या, असे आम्ही दोघींनी ठरवले आहे. त्यांच्या पालकसभेतही कुणीतरी विचारले म्हणे, की त्या बाजूच्या मुली कशा असतात. दोन्ही शाळांच्या कार्यालयात आम्ही अर्ज दिले आहेत. परवानगी अजून कुठूनच आलेली नाही. पाखरे फेब्रुवारीपर्यंत तरी थांबतात, तोवर आम्हीही वाट पाहू.